बादलीभर मम

मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा बाळीची आंघोळ मी सासूबाईंकडून मागून घेतली. मी शाळेत भूगोल शिकवते. वर्षभर माझी सकाळ डबे, हजेरीपट आणि पहिल्या तासाची घंटा यांत जाते आणि लेकीची सकाळ आजीच्या मांडीवर. अठरा महिन्यांची झाली तरी अंगावर पहिला तांब्या पडताना तिचा चेहरा कसा होतो, हे रविवार सोडले तर मी पाहिलेलंच नव्हतं.

मला वाटलं होतं, पंधरा मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. अंग पाच मिनिटांत धुऊन झालं, पुढचा सगळा वेळ ती कामात होती. मोरीत निळी बादली, बादलीच्या तळाशी चार बोटं पाणी, एक फुलपात्र आणि स्वयंपाकघरातून तिनंच पळवून आणलेली चहाची गाळणी. फुलपात्र भरायचं, गाळणीत ओतायचं. गाळणी रिकामीच. मग ती वरून बघायची, खालून बघायची, शेवटी माझ्याकडे बघायचं. परत भरायचं. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की गाळणीखाली दुसरा हात धरला तर पाणी हाताला लागतं. तो हात तिनं कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. ओतणारा हात दमला, तिनं फुलपात्र माझ्याकडे दिलं आणि मान हलवून सांगितलं, तू ओत. मी ओतत राहिले.

नववीला मी दरवर्षी शिकवते की पाणी कुठल्या खडकातून झिरपतं आणि कुठल्या खडकावर अडतं. फळ्यावर आकृती काढते, बाण दाखवते, पस्तीस मिनिटांत पाठ संपवते. त्या मुलांना मी असा हात धरून बसायला कधी वेळ दिलेला नाही. यंदा वर्गात गाळणी न्यायची, असं मी त्या मोरीत बसून ठरवलं.

बाळी आता वीस महिन्यांची आहे. कागदावरचं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण ते अजून तिच्या अंगाला बसलेलं नाही. आमच्याकडे लहान मुलांच्या बोलीत पाण्याला मम म्हणतात आणि तो तिचा पाचवा शब्द. आई, बाबा, काऊ, नाय आणि मम. सुरुवातीला मम म्हणजे फक्त पेल्यातलं पाणी होतं. मग नळ मम झाला. मग पुसलेल्या शहाबादी फरशीवरची चकाकी. एकदा बाबाच्या कपाळावरचा घाम. नवरा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचे सौदे जोरात असतात त्या दिवसांत तो घरी येतो तेव्हा शर्टाच्या शिवणींत, कानामागं, घड्याळाच्या पट्ट्याखाली हळद बसलेली असते आणि घामाचा ओघळसुद्धा पिवळा उतरतो. बाळीनं त्या ओघळावरून बोट फिरवलं, बोट निरखलं आणि निकाल दिला, मम. त्यानंतर एक दिवस मी कांदा चिरत होते. ती खेळ सोडून उठून आली, माझ्या गालावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, मम. मी विळी बाजूला सारून तिला पोटाशी धरलं. कांद्याचं पाणी होतं ते, पण त्या क्षणानंतर फक्त कांद्याचं राहिलं नाही.

पाण्याच्या या नव्या नव्या ठिकाणांची घरात रोज बातमी होते. संध्याकाळी आण्णा, म्हणजे माझे सासरे, विचारतात, "आज काय काय मम झालं?" आणि मी सांगते. काचेचा गोळा, कलिंगडाची फोड, शेजारच्या काकूंच्या नाकातला खडा.

एकट्या सासूबाई या खेळात मनापासून कधी हसत नाहीत. का, ते सांगायचं तर आमची भिंत दाखवायला हवी.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. नदी चालत सात-आठ मिनिटांवर. जुनं, माडीचं घर. खाली जिन्याशेजारच्या भिंतीवर आण्णांनी ऑइलपेंटनं तीन रेषा ओढल्यात आणि प्रत्येकीपुढं साल घातलंय. सर्वांत वरची २०१९ ची. ती माझ्या डोक्यावर आहे, हात उंच केला तर बोटं पोचतात. त्याखाली २०२१ ची, माझ्या कमरेच्या जराशी वर. आणि तिच्याखाली वीतभर अंतरावर २००५ ची. हे सगळं घरातलं पाणी. बाहेरचं पाणी आयर्विन पुलावर मोजतात. १९२९ साली व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते सुरू झालेला तो दगडी कमानींचा पूल सांगलीकरांना जाण्यायेण्यासाठी जितका लागतो, तितकाच फूट मोजण्यासाठी लागतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काटा सत्तावन्नच्या वर गेला होता. तेव्हा मी या घरात नव्हते. सासूबाई होत्या. माडीवर तीन दिवस, खालून येणाऱ्या पाण्याच्या आवाजात, पायऱ्या मोजत. किती पायऱ्या बुडाल्या आणि किती उरल्या, एवढंच त्या सांगायच्या. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती बातमी त्यांना माडीवरच रेडिओवर कळली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःला बोटीत बसायचं होतं. हा भाग त्या सांगत नसत. तो आण्णांनी मला सांगितला.

२०२१ चं पाणी मी पाहिलं. फेब्रुवारीत लग्न होऊन आले, जुलैत पूर. पहिल्या दिवशी मी धान्याचे डबे, गाद्या, गॅसची शेगडी माडीवर चढवत होते आणि सासूबाई एका जागी उभ्या राहून फक्त सांगत होत्या, "आधी कागदं घे. मग मीठ. मीठ विसरू नको." पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू झालं. घोट्याएवढा गाळ, भिंतींना कुबट वास, कपाटाची दारं फुगून बसलेली. चौथ्या दिवशी आण्णांनी रंगाचा डबा शोधून काढला आणि ती मधली रेषा ओढली.

आता त्याच भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. बाळी उभी राहायला लागली तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला आण्णा तिला भिंतीला टेकवून उभी करतात, डोक्यावर पोथीची पाटी आडवी धरतात आणि खूण करतात. वीस महिन्यांना एक्याऐंशी सेंटिमीटर. २००५ ची रेषा गाठायला तिला अजून चार बोटं लागतात. मी पहिल्यांदा त्यांना म्हटलं, आण्णा, दुसरी भिंत घेऊया का? ते म्हणाले, "या भिंतीला तेवढंच ठाऊक असू दे होय? तिच्यावर चांगलं काही नको?" मग मी काही बोलले नाही. मागच्या आठवड्यात बाळीनं लाल खडूनं या खुणांच्या शेजारी स्वतःची एक रेषा ओढली, वाकडी, दारापर्यंत गेलेली. ती पुसायची नाही असं घरात ठरलंय.

तर सासूबाईंच्या लेखी पाणी म्हणजे हे. पावसाळा लागला की त्यांचा पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" आणि दुसरा, "कोयनेतनं किती सोडलंय?" एकशे पाच टीएमसीचं, म्हणजे एकशे पाच अब्ज घनफूट पाणी मावणारं कोयना धरण इथून लांब डोंगरात आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये ते आमच्या माजघरात असतं. क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, हा शब्द मी कॉलेजात शिकले, त्यांनी तो पाणी अंगावर घेऊन शिकला. बाळी नळाखाली हात धरून खिदळते तेव्हा त्या लगेच नळ बंद करत नाहीत, ओरडत नाहीत. फक्त जवळ येऊन उभ्या राहतात, पदराचं टोक हातात गुंडाळत.

मेच्या शेवटी बाळीला घेऊन मी माहेरी गेले. माझं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या अंगाला. जिल्हा एकच, सांगलीच, पण तिथं कृष्णेसारखी नदी नाही. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता विरत जातो, त्या पर्जन्यछायेत आमचं गाव. आम्ही मराठी शाळेत शिकलो आणि घरात, रानात कानडी बोललो. माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणतो, बाळीही तेच म्हणते.

अव्वाच्या घरात पाण्याला झाकण असतं. ही गोष्ट मी सांगलीत राहून विसरले होते. हंड्यावर ताट, पिंपावर फळी आणि फळीवर दगड, रांजणावर ओलं फडकं आणि पितळी झाकणी. बाळीची आंघोळ अव्वानं अंगणात घातली, शेवग्याच्या झाडाखाली, मोठ्या घमेल्यात बसवून. तीन तांबे. पहिला अंग भिजवायला, दुसरा साबण काढायला, तिसरा डोक्यावरून, आणि घमेल्यात साठलेलं पाणी शेवग्याच्या आळ्यात. बाळीनं चौथ्या तांब्यासाठी हात पुढं केला. अव्वा म्हणाली, "सरलं." बाळीला सरलं हा शब्द ठाऊक नव्हता. तिनं घमेल्यात पाहिलं, तांब्यात पाहिलं, आळ्यात मुरणारं पाणी पाहिलं. रडली नाही. झाडापाशी बसून ओल्या मातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

दुपारी तिनं पाण्याचा भरलेला पेला सांडला. अव्वाच्या तोंडून "अय्यो" बाहेर पडलं आणि ती झटक्यात उठली. मी दचकले, बाळी दचकली. अव्वानं पदर टाकून ते पाणी टिपलं आणि बाहेर जाऊन पदर तुळशीवर पिळला. मग परत येऊन तिनं बाळीला मांडीवर घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि नवा पेला भरून तिच्या ओठाला लावला. "नीरु," ती म्हणाली. "नीरु कुडी." पाणी पी. बाळीनं पेल्याकडे पाहिलं. मम, ती म्हणाली. नीरु, अव्वा म्हणाली. दोघींचं असं बराच वेळ चाललं आणि संध्याकाळपर्यंत बाळीकडे पाण्याला दोन शब्द झाले.

आणखी एक नवा शब्द तिला कोंबड्यांकडून मिळाला. अव्वा रोज सकाळी मूठभर जोंधळे घेऊन अंगणात उभी राहते आणि हाक मारते, "बा, बा, बा." बा म्हणजे ये. कोंबड्या येतात, शेळीचं करडू येतं, हाक कानावर पडली की बाळीही धावत येते. आठ दिवसांत तिनं हा शब्द उचलला आणि सरसकट वापरायला लागली. कोंबडीला बा. कावळ्याला बा. ताटातल्या घासाला बा, म्हणजे तो स्वतःहून तोंडात येईल. वाटेवरून जाणाऱ्या मेंढरांच्या कळपाला तर हात पसरून बा.

एका संध्याकाळी भाऊ आम्हाला कालव्यावर घेऊन गेला. म्हैसाळ योजनेचं पाणी सुटलं होतं. ही योजना कशी चालते ते मी वर्गात सांगते. मिरज तालुक्यात म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपांनी उचलायचं, एका टप्प्यावरून वरच्या टप्प्यावर चढवायचं आणि कवठेमहांकाळ, जतकडे न्यायचं. सांगताना मला ते अभियांत्रिकीसारखं वाटतं. कालव्याच्या काठावर अव्वानं चपला काढल्या, पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि आधी बाळीच्या, मग माझ्या कपाळाला लावला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, तेव्हाही ती टीव्हीपुढं अशीच हात जोडून बसली होती. मी तिला म्हटलं, अव्वा, हे आमच्या घरामागचंच पाणी आहे गं. सांगलीवरूनच खाली म्हैसाळला जातं. ती म्हणाली, "मग तुझ्या सासूला सांग, तिकडं जास्त झालं की इकडं पाठव."

तो निरोप मी पोचवला. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, माझ्या हातात असतं तर २०१९ ला सगळं पाठवलं असतं."

परत आलो त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. लिहू की नको असं बरेच दिवस झालं. पण लहान मूल असलेल्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल म्हणून लिहिते.

जूनचे पहिले दिवस. नळाला पाणी कमी दाबानं येत होतं म्हणून मी मोठी बादली अर्धी भरून ठेवली होती. बाळीची आंघोळ झाली, टॉवेल बाहेर दोरीवर राहिला होता. दोरी मोरीच्या दारापासून चार पावलांवर. मी गेले आणि वळले. तेवढ्यात ती बादलीच्या काठावर पोट टेकवून आत वाकली होती आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले होते. काही आवाज नव्हता. पाणी उडालं नाही, ती ओरडली नाही. दोन इवल्या टाचा वर आणि डोकं खाली. मी तिला कमरेला धरून ओढली. नाकातोंडात थोडं पाणी गेलं होतं. ती खोकली, मग रडली, आणि ते रडणं ऐकून माझ्या पायांतलं बळ गेलं. मी तिला घेऊन तिथंच ओल्या फरशीवर बसले.

नंतर लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी नीट समजावलं. या वयात मुलांचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि हातांत स्वतःला वर रेटण्याचं बळ नसतं. डोकं खाली गेलं की त्यांना परत येता येत नाही. चार-सहा बोटं पाणीही पुरतं. आणि बहुतेक वेळा आवाज होत नाही, म्हणून आपण शेजारच्या खोलीत असलो तरी कळत नाही. तेव्हापासून आमच्या घरात बादली एक तर पालथी असते नाही तर कुणाच्या तरी हाताखाली असते. न्हाणीचं दार बाहेरून कडी लावलेलं. कपडे भिजवायची टबं माडीवर. टॉवेल आधी खांद्यावर, मग पाणी. अंगणवाडीच्या ताई महिन्याला वजन करायला बोलावतात, तिथं येणाऱ्या सगळ्या आयांना मी हे सांगते.

त्या दिवशी सासूबाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. मी अपराध्यासारखी बसले होते. त्यांनी बाळीला कोरडं करून झबलं घातलं, तिच्या छातीवर आणि पाठीवर गरम हात शेकून ठेवला, आणि मग माझ्यापुढं चहा ठेवला. "पाणी कुठल्याही दारानं येतं गं," एवढंच म्हणाल्या. आणि त्या रात्री, पहिल्यांदाच, त्यांनी मला माडीवरच्या त्या तीन दिवसांबद्दल सांगितलं. सगळं. पहाटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाळीला आंघोळ घालवेना. तिला मोरीकडे नेताना माझेच हात थरथरत होते. तीच पुढं धावत गेली, गाळणी घेऊन. तिला आठवण नव्हती की होती आणि तिनं ती बाजूला ठेवली, कोण जाणे. बादली पालथी पाहून तिनं ती ढोलासारखी वाजवली. मग मी फरशीवर फतकल मारून बसले, तिला समोर घेतलं आणि परातीत थोडं पाणी ओतलं. आण्णा दारात उभे होते. म्हणाले, "भीती तुझ्याजवळ ठेव. तिला पाणी दे."

आण्णांचं पाण्याशी वेगळं नातं आहे. ते कृष्णेत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्या काळी गावभागातली सगळी पोरं अशीच शिकायची. आधी काठाजवळ, मग डबा सोडून, मग एक दिवस थेट पलीकडं सांगलीवाडीला. आता ते स्वतःही कुणाला नदीत उतरू देत नाहीत. वर भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी आहेत आणि इकडंही दिसल्याच्या बातम्या येतात. पण घाटापर्यंत चालत जायचा त्यांचा नेम आहे आणि जूनपासून त्या नेमात बाळी आणि मी सामील झालो.

सात मिनिटांच्या वाटेला आम्हाला चाळीस मिनिटं लागतात. प्रत्येक गेटची कडी हलवून बघावी लागते. गटारीच्या जाळीतून खाली बघावं लागतं, कारण तिथं मम आहे. दुकानाच्या पायरीवर एक पांढरं मांजर बसतं, त्याला रोज बा म्हणावं लागतं आणि ते रोज येत नाही. पुढं गाड्यावर भडंग मिळतं. आण्णा पुडी घेतात, त्यातले दाणे आणि मिरची-लसूण आम्ही निवडून काढतो आणि तिच्या तळव्यावर एकेक चुरमुरा ठेवतो. दाणे अजून द्यायचे नाहीत, घशात अडकतात. तिखट लागलं की ती जीभ बाहेर काढून हा-हा करते आणि दुसऱ्या चुरमुऱ्यासाठी हात पुढं करते. अंगात सांगली भिनायला लागलीय.

घाटाच्या पायऱ्या हे तिचं सध्याचं मोठं काम आहे. घरातला जिना तिला बंद आहे, घाट मोकळा. एक पाऊल खाली, दुसरं त्याच पायरीवर, थांबायचं, माझं बोट घट्ट धरायचं, परत एक पाऊल. चार पायऱ्या उतरायच्या आणि चार चढायच्या. आणि परत. परत म्हणजे तिच्या भाषेत "आजू," अजून. मला आधी या अजूनचा कंटाळा यायचा. आता मी मोजत नाही. तिच्या पावलाला दगडाची उंची पाठ होतेय, हे मला माझ्या बोटावर कळतं. पहिल्या आठवड्यात ती सगळं वजन माझ्या बोटावर टाकायची. आता बोट नुसतं धरते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि नदीला तांबडं पाणी आलं. तीस फुटांच्या आत होतं, काळजी करण्यासारखं काही नव्हतं, पण घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या. आम्ही ज्या चार पायऱ्या उतरायचो त्यांतल्या दोन दिसेनाशा झाल्या. त्या सकाळी सासूबाईंनी ताट तयार केलं. खण, नारळ, हळद-कुंकू, ओंजळभर तांदूळ. नवं पाणी आलं की कृष्णामाईची ओटी भरायची हा या घरातला रिवाज. २०१९ नंतर त्यांनी तो एकदाही चुकवला नव्हता, पण त्या नेहमी एकट्या जायच्या. यंदा चपला घालताना म्हणाल्या, "हिला घे. तूही चल."

पाऊस थांबला होता. पुलाच्या कमानींखालून तांबडं पाणी वेगानं जात होतं, त्यात उसाची पाचटं, एखादी फांदी, फेसाचे गोळे. सासूबाईंनी वरच्या पायरीवर उभं राहून ओटी भरली, नारळ सोडला. हात जोडून त्या बराच वेळ पुटपुटत होत्या. बाळी माझ्या कडेवर. तिनं एवढं मम एका जागी, एवढ्या आवाजात, कधी पाहिलं नव्हतं. ती गप्प होती. तिचं डोकं नारळाबरोबर वळत गेलं, तो दिसेनासा होईपर्यंत.

मग तिनं दोन्ही हात पुढं पसरले, अव्वाच्या अंगणात मेंढरांपुढं पसरले होते तसे, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन शब्द एकत्र जोडून बोलली.

"मम, बा."

माझ्या अंगावर काटा आला. पाण्याला ये म्हणणारी अव्वा मला आठवली, आणि शेजारी तर सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी वळून विचारलं, "काय म्हणती गं?"

मी क्षणभर थांबले. मग खरं तेच सांगितलं. "पाण्याला बोलावतीय, आई. माझ्या माहेरच्या भाषेत. ये म्हणतीय."

सासूबाईंनी नदीकडे पाहिलं, मग बाळीच्या पसरलेल्या हातांकडे. ताटातलं उरलेलं कुंकू त्यांनी करंगळीनं तिच्या कपाळाला लावलं आणि तिला माझ्याकडून आपल्या कडेवर घेतलं.

"बरं," त्या तिला म्हणाल्या. "ये म्हणावं. पण या पायरीपाशी थांब म्हणावं."

बाळीनं पायरीकडे पाहिलं. मग परत पाण्याकडे हात केला. "आजू," ती म्हणाली.